पुण्यतिथींचे पंचांग

महाराष्ट्रातील संगीतरसिकाच्या वर्षाची आखणी कोणी बारकाईने पाहिली, तर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही, आणि ती अशी की, ज्या दिवसांना आपण संगीताचे उत्सव म्हणतो त्यांतील पुष्कळसे दिवस मुळात कोणाच्या ना कोणाच्या मृत्यूचे दिवस आहेत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला तो आदल्या वर्षी निवर्तलेल्या सवाई गंधर्वांच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या, पुण्यतिथीनिमित्त; मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात गवई दरसाल हजेरी लावतात ती त्याच आवारात चिरनिद्रा घेणाऱ्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ; २४ एप्रिल ही तारीख मास्टर दीनानाथांची, आणि ३ फेब्रुवारीला मुंबईत उस्ताद अल्लारखाँ यांची बरसी. दूर दक्षिणेत तिरुवय्यारूला त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक एका सुरात गातात, तोही दिवस त्यांच्या निर्वाणाचाच. जयंत्या आपण साजऱ्या करीत नाही असे नव्हे; परंतु रसिकाचे पाय आपोआप वळतात ते पुण्यतिथीकडे. या साऱ्या तारखा एकाखाली एक मांडल्या तर जे पंचांग सिद्ध होईल, त्यात सण कोणता आणि श्राद्धतिथी कोणती हे ठरविणे कठीण जाईल.

गवयाच्या मृत्यूशीच आपला असा निकटचा संबंध का जडावा? राजकारणी पुरुष निवर्तला तर कारभार दुसऱ्याच्या हाती जातो आणि दप्तर पुढे चालू राहते. ग्रंथकार गेला तरी त्याचा ग्रंथ फडताळात जागच्या जागी असतो. शिल्पकाराचा पाषाण शिल्पकाराहून दीर्घायुषी असतो हे तर त्याला छिन्नी उचलतानाच ठाऊक असते. गायकाचे साहित्य म्हणजे त्याची स्वतःची छाती, कंठ, टाळू आणि जीभ, आणि या सर्वांतून नित्य येजा करणारा श्वास. हे साहित्य तेच आणि तेवढेच आहे, जे तुमच्याआमच्यापाशी जन्मापासून आहे. चित्रकाराचा कुंचला माझ्या घरी नसेल, वादकाची बीनही नसेल. पण श्वास आहे, आणि म्हणून मैफलीत बसलेला श्रोता नकळत गवयाबरोबर श्वासोच्छ्वास करू लागतो. लांबलेली तान समेकडे झेपावते तेव्हा सगळी सभा श्वास रोधून बसते आणि सम आली की एकदमच तो सोडते, हे ज्याने अनुभविले आहे त्याला अधिक सांगावे लागत नाही. ज्या श्वासाशी आपला श्वास वर्षानुवर्षे असा बांधला गेला तो एके दिवशी थांबला, ही वार्ता बुद्धीला कळण्यापूर्वी छातीला कळते. आणि मग जी भीती वाटते तिला शोक हे नाव आपण मागाहून देतो.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरीची हकीकत या दृष्टीने फार विचार करण्यासारखी आहे. १९३७ चा ऑक्टोबर संपत आला होता, दिवाळी तोंडावर आली होती, आणि खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत कळ येऊ लागली म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या एका लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर थोडे फिरले, बिछान्यावर बसून नमाज पढले, आणि मागाहून सांगण्यात आले त्याप्रमाणे दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नामस्मरण करीत करीत आडवे झाले, ते पुन्हा उठले नाहीत. तारीख होती २७. देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. ही हकीकत सांगताना बहुतेक जण खाँसाहेबांच्या साधुत्वाकडे बोट दाखवितात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु मला या प्रसंगातील जी गोष्ट अस्वस्थ करते ती निराळी आहे. त्या फलाटावर शेवटचा स्वर कोणता आणि शेवटचा श्वास कोणता, हे जवळ बसलेल्यांनाही वेगळे करून सांगता आले नसेल. आयुष्यभर प्रत्येक आलापाच्या अंती जे घडत होते, म्हणजे स्वर क्षीण होत होत शांततेत मिळणे, तेच या वेळीही घडले. भेद एवढाच की पुढचा श्वास घेतला गेला नाही.

त्याच मिरजेत पिढ्यान्पिढ्या तंबोरे घडविणारे सतारमेकर आहेत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीकसा धागा सरकवून कारागीर जवारी लावीत असतो तेव्हा त्याच्या शेजारी बसून पाहावे. तो तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, कानसेने घोडीचा माथा रेसभर घासतो, पुन्हा छेडतो, धागा किंचित पुढे ओढतो, आणि असे कितीतरी वेळ केल्यावर एका क्षणी ती तार नुसती वाजावयाची थांबून गुंजू लागते, षड्जाच्या पोटातून गंधार डोकावू लागतो. नित्याच्या वादनाने तारा घोडीवर चर पाडतात आणि जवारी उतरते. मग तंबोरा पुन्हा कारागिराकडे आणावा, पुन्हा घोडी घासून घ्यावी, की आजोबांच्या वेळचा तंबोरा नातवासाठी नव्याने बोलू लागतो. गळ्यालाही जवारी असते, असे गवई म्हणतात. मात्र गळ्याची जवारी उतरली म्हणजे ती घासून देणारा कारागीर मिरजेत नाही आणि इतरत्रही नाही.

म्हणूनच गवयाला पुष्कळदा दोन मरणे सोसावी लागतात. सवाई गंधर्वांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची मैफल जवळजवळ संपुष्टात आली. देह त्यानंतर दहा वर्षे राहिला. ती दहा वर्षे त्यांनी कशी काढली असतील याची कल्पना करणे मला अवघड जाते. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने गेला आणि मोठ्या कष्टाने परत आला तो निराळा होऊन आला. त्या निराळ्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी रचली आणि तीच पुढे जयपूर घराण्याची मिरास झाली. कुमार गंधर्वांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे. क्षयाने ग्रासलेला हा तेविशीतला तरुण १९४८ च्या प्रारंभी देवासला गेला, पाचएक वर्षे त्याने अंथरुणावर काढली, गाणे सर्वस्वी वर्ज्य; आणि उठला तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले. माळव्याच्या लोकगीतांचे संस्कार त्या रुग्णशय्येवर झाले हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या पुढच्या गाण्यातील तो तुटक, लखलखीत स्वरवाक्यांचा डौल, ती मधेच सोडलेली जागा, तो एकाएकी वर फेकलेला आणि तिथेच ठेवलेला स्वर, हे सारे अपुऱ्या श्वासाच्या हिशेबातून जन्मले, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेत नाही. दीर्घ श्वासाचा गवई काळ मुबलक आहे अशा थाटात गातो; कुमार मुदत ठाऊक असल्यासारखे गात. त्यांच्या मैफलीत श्रोत्याला जो थरार जाणवे तो नुसत्या सौंदर्याचा नव्हता. मर्त्य माणूस मर्यादित श्वासात काय काय बसवू शकतो, याचे ते दर्शन होते.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासला कुमार गेले. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर गेले; आणि सवाई गंधर्वही बरोबर चाळीस वर्षांपूर्वी १२ सप्टेंबरलाच गेले होते, त्यामुळे त्या पंचांगात धारवाडकडचे हे दोघे एकाच पानावर आले आहेत. आमच्या घरी वडिलांची एक जाडजूड खतावणी आहे. दूध, किराणा, विजेचे बिल, कोणाला दिलेले उसने, असा तिचा सगळा मजकूर. पण समासात कधीमधी एखादे नाव, त्यापुढे ‘गेले’ एवढा शब्द, आणि खाली ऐकलेल्या एखाद्या मैफलीचे गाव आणि राग. कुमारांच्या नावाखाली त्या पानावर भुईमुगाच्या तेलाचा डबा आणि बहिणीच्या शाळेची फी आहे. ही खतावणी चाळताना मला उमगले की, वडील त्या समासात गवयांच्या मयतीच्या नोंदी करीत नव्हते. ते स्वतःचे वय मोजीत होते. भिंतीवरची दिनदर्शिका साल सांगते, परंतु आपण किती पुढे येऊन ठेपलो हे माणसाला कळते ते ज्यांच्या गाण्याने त्याची विशी सजली त्यांची नावे समासात उतरू लागतात तेव्हा. २४ जानेवारी २०११ च्या पानावर भीमसेन जोशींचे नाव आहे, आणि ते अक्षर माझे आहे.

भीमसेनांचा विषय निघाला आहे तर थोडे थांबले पाहिजे, कारण या पुण्यतिथींच्या पंचांगातील सर्वांत अर्थपूर्ण घटना त्यांच्या नावाशी निगडित आहे. गदगचा हा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडावला, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, आणि हिंडत हिंडत अखेर खाँसाहेबांच्याच शिष्यापाशी, सवाई गंधर्वांपाशी, येऊन पोहोचला. गुरू गेल्यावर शिष्याने पुण्यतिथीचा उत्सव मांडला आणि दशकानुदशके त्याची अखेर स्वतःच्या गाण्याने केली. रमणबागेच्या पटांगणावर सतरंज्या अंथरून, शाली आणि कानटोप्या चढवून, थर्मासमधला चहा वाटून घेत ज्यांनी त्या थंडीच्या रात्री काढल्या, त्यांना पहाटेचा तो भीमसेनांचा षड्ज आठवतो. ध्वनिक्षेपकांच्या निर्बंधांमुळे त्या अखंड रात्री पुढे बंद झाल्या. भीमसेन गेल्यावर महोत्सवाच्या नावात गुरूच्या शेजारी शिष्याचे नाव जाऊन बसले. श्राद्ध घालणाराच श्राद्धाचा विषय झाला. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीतील ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने होते, म्हणजे इतक्या जिवंत कंठांनंतर शेवटचा शब्द एका दिवंगताचा असतो. आणि ते ऐकत बसलेला मनुष्य मनातल्या मनात मांडवातील रिकाम्या जागा मोजीत असतो. पलीकडच्या ओळीतले ते जोडपे यंदा दिसले नाही. पुढच्या वर्षी आपण असू का, हा प्रश्न त्या मांडवात कोणी मोठ्याने विचारीत नाही, पण तो मनात आलाच नाही असा पन्नाशीपुढचा श्रोता तेथे विरळा.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ध्वनिमुद्रणाने या साऱ्याला उत्तर दिलेले नाही काय? देह गेला तरी आवाज उरला, मग मृत्यूचा अंमल कोठे राहिला? हा आक्षेप वरवर वाटतो तितका बळकट नाही. केसरबाई केरकरांची गोष्ट पाहा. गोव्यातील केरी गावची ही मानी गायिका ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मोठी चोखंदळ होती. आवाज पूर्वीसारखा साथ देत नाही असे दिसताच साठीच्या दशकात तिने जाहीर मैफलींना स्वतः होऊन पूर्णविराम दिला. तिच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची एक मुद्रिका व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चे. केसरबाई मुंबईत निवर्तल्या १६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी. आज ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले आहे आणि तो आवाज मानवनिर्मित वस्तूंपैकी सर्वांत दूरच्या वस्तूवर आरूढ आहे. या वार्तेने अभिमान वाटतो तो वाटतोच. परंतु जो आवाज उतरला म्हणून ती स्वतः थांबली, तोच आवाज ऐन भरातला असा तेथे कायमचा मुक्रर झाला आहे, आणि तो ऐकणारे कोणीही तेथे नाही. जतन झालेला आवाज मृत्यूला हरवीत नाही. तो फक्त म्हातारा व्हावयाचे नाकारतो, आणि त्यामुळे आपले म्हातारे होणे अधिकच उघडे पडते.

लताबाई मंगेशकरांच्या बाबतीत तर हे साऱ्या देशाला एकदम जाणवले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय ९२ होते. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. वय पाहता ही वार्ता अनपेक्षित म्हणता येत नव्हती. तरीही शेजारपाजारची माणसे घरातले कोणी गेल्यासारखी गप्प झाली. याचे कारण मला असे दिसते की, १९४९ च्या ‘महल’मधला विशीतला आवाज आपल्या आईने तिच्या मुलीपणी ऐकला, आपण पाळण्यात ऐकला, आणि आपल्या मुलांनीही तोच ऐकला, तिन्ही पिढ्यांना तो विशीतलाच ऐकू आला. आई म्हातारी होऊन गेली, आवाज विशीतच राहिला. या आवाजाला देह आहे आणि तो देह ९२ वर्षांचा आहे, हे त्या सकाळी प्रथमच नीट कळले, आणि त्यासरशी मधली सारी वर्षे हिशेबाला उभी राहिली. १२ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून बापाचे, म्हणजे मास्टर दीनानाथांचे, छत्र १९४२ च्या एप्रिलमध्ये गेले आणि त्याच वर्षी तिला पोटासाठी चित्रपटांत उभे राहावे लागले, हेही ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्या दिवशी असेही वाटले असेल की या आवाजाची सुरुवातच एका गवयाच्या मृत्यूतून झाली होती.

अशा प्रसंगी आपण जे बोलतो त्याविषयी मात्र मला खेद वाटतो. पोकळी निर्माण झाली, युगाचा अस्त झाला, स्वर्गात मैफल रंगली असेल: ही वाक्ये तयार असतात, आणि ती तयार असतात म्हणूनच मृत्यूला उंबऱ्याबाहेर थोपवून धरतात. २०२४ च्या डिसेंबरात उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत अत्यवस्थ होते, तेव्हा निधनाची वार्ता निधनापूर्वीच सर्वत्र पसरली; कुटुंबीयांना ती नाकारावी लागली, आणि ज्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या होत्या त्यांना त्या परत घ्याव्या लागल्या; मग खरी वार्ता आली. फुप्फुसाच्या विकाराने गेलेला तो ७३ वर्षांचा पुरुष त्या मधल्या तासांत श्वासासाठी झगडत असावा, आणि आम्ही त्याचे मृत्युलेख वाचीत होतो. ही घाई असभ्य आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. तिच्या मुळाशी प्रेम नाही असे नाही. पण ज्या दुःखाला छातीत उतरावयास अवकाश दिला नाही, ते आपल्याला आपल्याविषयी काहीच सांगू शकत नाही. वडिलांची, म्हणजे अल्लारखाँ यांची, बरसी वर्षानुवर्षे तबल्याने साजरी करणाऱ्या मुलाला तरी आपण एवढा अवकाश द्यावयास हवा होता.

आणखी एक आग्रह मला धरावासा वाटतो. थोर गायकांच्या केवळ ऐन भरातील मुद्रिका ऐकून उतारवयातील मुद्रिका बाजूला सारण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून द्यावी. बालगंधर्व पायांनी अधू झाल्यावरही गात राहिले. मन्सूर सत्तरीपुढे गात होते तेव्हा श्वास आखूड होता पण रागाची पकड अधिकच घट्ट झाली होती. गंगूबाई हनगल नव्वदीपर्यंत व्यासपीठावर येत होत्या. त्या आवाजाला पडलेला तडा ऐकताना कान प्रथम कचरतो, मग एखादी जागा अशी येते की, गळ्याला जे साधत नाही ते मनाला साधले आहे हे स्वच्छ दिसते. दत्तात्रेय विष्णु पलुसकर ३४ व्या वर्षीच १९५५ साली गेले; त्यांचा म्हातारा आवाज आपल्याला कधीच ऐकावयास मिळणार नाही, आणि त्यांच्या निष्कलंक मुद्रिका ऐकताना ही उणीव मला नेहमी डाचते.

आता राहिली ती गोष्ट सर्वांत जवळची आहे. प्रसिद्ध गवयाच्या मृत्यूने आपल्याला आपल्या मृत्यूची आठवण होते खरी, परंतु आपला मृत्यू त्याच्यासारखा असणार नाही. आपल्या नावाने मांडव पडणार नाही, पंचांगात आपली तारीख चढणार नाही. आपली जात त्यांची, जे त्याच्या मागे बसतात: तंबोऱ्यावरची मुले, सारंगिये, पेटीवाले, तबलजी, तालुक्याच्या गावी चार आण्यांवर शिकवण्या करून डोळे मिटलेले बुवा. जुन्या तबकड्यांच्या काळी ध्वनिमुद्रण संपताना गायक किंवा गायिका स्वतःचे नाव मोठ्याने पुकारीत, जेणेकरून परदेशी कारखान्यात चिठ्ठी चुकू नये. साथीदारांची नावे कोणी पुकारीत नसे आणि चिठ्ठीवरही ती बहुधा नसत. परंतु ठेका तेथे आहे. मुखड्याच्या आधीचा तो छोटासा तुकडा, गायिकेने श्वास घेतला तेवढ्यात सारंगीने भरून काढलेली जागा, सारे तेथे आहे, आणि करणाऱ्याचे नाव कोठल्याच दप्तरी नाही. ज्यांच्या घरी अशा तबकड्या आहेत आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकून ज्यांना ही नावे ठाऊक आहेत, त्यांनी ती यंदाच्या दिवाळीत कागदावर उतरवून तबकडीच्या वेष्टनात ठेवावीत; सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि त्यांतील काहींना नाव आठवावयास सकाळपासून दुपारपर्यंत वेळ द्यावा लागतो.